शासकीय इतमाम आणि गासची दफनभूमी



एखादी नामवंत व्यक्ती निवर्तली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक ठरीव वाक्य असते: 'शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले.' तिरंग्यात लपेटलेले पार्थिव, पोलिसांची शोकधून, बंदुकीच्या फैरी. हा मान कोणाला द्यावा, हे महाराष्ट्रात कोणता कायदा ठरवतो? कोणताच नाही. मुख्यमंत्री ठरवतात. मूळचा हा मान पंतप्रधान, माजी पंतप्रधान आणि केंद्रीय मंत्री अशा मोजक्यांपुरता होता. पुढे राज्यांनी तो आपल्या मर्जीने विस्तारला. कोणतेही शासकीय पद न भूषविलेल्या बाळासाहेब ठाकरे यांना तो नोव्हेंबर २०१२ मध्ये देण्यात आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये अभिनेत्री श्रीदेवी यांना दिला गेला, तेव्हा एका नागरिकाने माहितीचा अधिकार वापरून विचारणा केली. मुख्यमंत्र्यांच्या तोंडी सूचनेवरून तो दिला आणि जून २०१२ ते मार्च २०१८ या काळात ४० जणांना असा मान मिळाला, असे उत्तर शासनाकडून आले. २ जानेवारी २०१९ रोजी रमाकांत आचरेकर गेले. श्रीदेवींप्रमाणे तेही पद्मश्री, शिवाय द्रोणाचार्य. त्यांच्यासाठी फैरी झडल्या नाहीत. टीका झाल्यावर निरोपानिरोपीत राहून गेले, असा खुलासा एका मंत्र्याने केला!

यात आणखी एक गंमत आहे. राष्ट्रध्वजाचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार, त्यातील २००३ ची दुरुस्ती धरून, शासकीय, सैनिकी अथवा निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्काराखेरीज ध्वज पार्थिवावर पांघरता येत नाही. म्हणजे उभे आयुष्य लोकांसाठी झिजलेल्या माणसाला त्याच्या गावाने आपणहून तिरंग्यात लपेटले, तर तो गुन्हा ठरतो. मृणालताई गोरे १७ जुलै २०१२ रोजी याच वसईत निवर्तल्या. त्यांचे मोठेपण पाण्यासाठी हंडे घेऊन निघालेल्या बायांनी ठरविले होते, मंत्रालयातील राजशिष्टाचाराने नव्हे.

इतमाम ही मर्जीची बाब झाली. तिच्या शेजारी कर्तव्याची बाब ठेवून पाहिली पाहिजे. प्रेतांच्या विल्हेवाटीसाठी जागा पुरविणे हे १९४९ च्या अधिनियमाने महापालिकांवर बंधनकारक केले आहे. ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या अधिनियमातही दहन-दफनभूमीची व्यवस्था पंचायतीच्या कामांच्या यादीत आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने दफनभूमीच्या व्यवस्थापकावर निबंधकाला खबर देण्याची जबाबदारी टाकली. अंत्यविधीचे सामान विकणाऱ्यावर शासनाची नजर फारशी नाही. नियमन आहे ते जागेचे आणि नोंदीचे. आणि ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाच्या सर्व प्रेतांचे धर्म न पाहता दहन करण्याचे फर्मान काढून त्याच दिवशी मागे घेतले, त्यानंतर मे महिन्यात उच्च न्यायालयाने सन्मानाने अंत्यविधी होणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. येथे कोणाच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही.

आता गासकडे वळू. वसईच्या ख्रिस्ती गावांत मरण हे साऱ्या गावाचे काम असते. चर्चची घंटा वाजली की वाड्यावाड्यांत कळते. शवपेटीपासून कबरीपर्यंतची सोय शेजारी, नातलग आणि धर्मग्राम मिळून पाहतात. जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडली जाते. त्याचे कोणाला वैषम्य वाटत नाही. पण वेशीला लागून नालासोपारा वाढला. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली होती. या वाढलेल्या वस्तीत जो दफन करणारा आहे, मग तो मुसलमान असो, लिंगायत असो वा दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती असो, त्याच्यामागे ना जुने धर्मग्राम, ना गावची जमीन. त्याच्यासाठी सनसिटी-गास रस्त्यावर सर्वधर्मीय दफनभूमी योजिली गेली, तर तिच्यावरून वाद पेटला आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेले.

या वादात गावकऱ्यांना संकुचित आणि नव्या रहिवाशांना घुसखोर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. दोन्ही अन्यायाचे होईल. खारजमीन आणि पाण्याची वाट राखा, असे सांगणारा गावकरी खोटे बोलत नाही. आईला कोठे पुरू, असे विचारणारा रहिवासीही खोटे बोलत नाही. दोष आहे तो मजल्यांवर मजल्यांना परवानगी देताना मेलेल्याची जागा सर्वांत शेवटी आठवणाऱ्या नियोजनाचा. जुलै २००९ मध्ये महापालिका झाली, तेव्हा आपला कारभार हातून जाईल म्हणून गावांनी विरोध केला होता. त्या विरोधाची किंमत अशा प्रश्नांतून कळते.

जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाड्यांवर तर चर्चची घंटाही नाही. तेथे भर पावसात चितेवर धरायला पत्रा नसतो आणि ओढा ओलांडून प्रेत न्यावे लागते. जातीजातींची वेगळी स्मशाने अजून आहेत, ती निराळीच लाज. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' म्हटले त्याला पन्नास वर्षे उलटली. गाव एका स्मशानात यायचे आहे.

कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्रभागात आणि पंचायतीत लेखी विचारावे: नोंदणी झालेल्या दहन-दफनभूमी किती? रस्ता आणि छप्पर आहे काय? विकास आराखड्यातील आरक्षित जागा कोणाच्या ताब्यात आहे? आणि चाळीतल्या खोलीत रात्री माणूस गेला, तर मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर कोठे सापडेल? उत्तरे आली की ती गासच्या वेशीवरील फलकावर लावावीत.