वाटेवरची वीज

ज्येष्ठ सरता सरता गावाबाहेरच्या वाटेवर एकटे असावे, पाहता पाहता आभाळ काळवंडून यावे आणि डोळ्यांपुढे लखकन वीज उतरावी, हा अनुभव ज्याला नाही असा मनुष्य विरळाच. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अशा वेळी अर्जुनाची नावे घ्यावीत, असे वडीलधारी माणसे मुलांना सांगत आली आहेत. ढगांत साठलेली वीज जमिनीकडे का धाव घेते, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तरीही ती जवळ पडली की छातीत धस्स होते आणि तोंडून कोणाचे तरी नाव आपोआप निघून जाते. अशा घटकेला निघालेल्या या नावाचे मोल काय? ती श्रद्धा म्हणावी, की निव्वळ जिवाची भीती? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हा प्रश्न एका तरुणाच्या आयुष्यात फार तीव्रतेने उभा राहिला, आणि त्याचे उत्तर सापडण्यासाठी त्याला अनेक वर्षे खर्ची घालावी लागली.

२ जुलै १५०५ चा तो दिवस होता. एरफुर्टच्या विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणारा एकवीस वर्षांचा मार्टिन ल्यूथर मान्सफेल्डला आईवडिलांना भेटून परत निघाला होता. स्टॉटर्नहाइम गावाजवळ त्याला वादळाने गाठले. वीज इतकी जवळ कोसळली की तो जमिनीवर पडला, आणि भीतीने त्याने संत ॲनाचा धावा केला. संत ॲना ही परंपरेनुसार कुमारी मरियेची आई आणि खाणकाम करणाऱ्यांची कैवारी. मार्टिनचे वडील हान्स तांब्याच्या धंद्यातले. तेव्हा ते नाव त्या मुलुखातल्या घराघरांत ऐकू येणारे. आपल्याला वाचवावे, आपण संन्यासी होऊ, असे वचन त्याने त्या क्षणी दिले. वीज निघून गेली; वचन मागे राहिले. पंधरा दिवसांनी, १७ जुलै रोजी, त्याने एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठाचे दार ठोठावले.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हा एक नवस होता, आणि नवस फेडण्यात ल्यूथरने कसूर केली नाही. परंतु मुलाने वकील व्हावे म्हणून पैसा खर्च केलेले वडील संतापले. १५०७ मध्ये मार्टिनने पुरोहित म्हणून पहिला मिस्सा अर्पण केला, तेव्हा ते मठात आले खरे, पण त्यांच्या मनातली अढी गेली नव्हती. आकाशातून आलेली ती हाक देवाचीच कशावरून, तो सैतानाचा चकवा नव्हता हे कशावरून, असे त्यांनी मुलाला विचारले. आईबापांचा मान राखावा ही देवाची आज्ञा आहे, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

हा प्रश्न एका रागावलेल्या बापाचा म्हणून सोडून देता येत नाही. भीतीच्या पोटी जे जे घडते ते सारे ईश्वरी समजावे काय? जो देव माणसाला घाबरवून त्याच्याकडून वचन उकळतो, त्याच्यावर प्रेम कसे करावे? मठात ल्यूथर नेमका याच प्रश्नाने पोळत राहिला. उपास, जागरणे, थंडीतल्या प्रार्थना, पुन्हा पुन्हा केलेले पापनिवेदन, यांतले काहीही त्याने कमी केले नाही. विजेचे भय सरले होते, पण त्याची जागा न्यायाधीश होऊन बसलेल्या परमेश्वराच्या भयाने घेतली होती. वाटेवरचे वादळ काही वेळाने ओसरले. हे वादळ ओसरता ओसरेना.

विटेनबर्गच्या विद्यापीठात तो १५१२ पासून पवित्र शास्त्र शिकवू लागला. तेथे रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील देवाच्या नीतिमत्त्वाविषयीचे वचन त्याला छळत असे. पुष्कळ चिंतनानंतर त्याला त्यातला वेगळा अर्थ उमगला: हे नीतिमत्त्व म्हणजे पापी माणसाला शासन करण्यासाठी उगारलेला हात नव्हे, तर विश्वास ठेवणाऱ्याला देव आपण होऊन देतो ते दान आहे. देवाशी सौदा करण्याची गरजच उरली नाही. १५२१ मध्ये वार्टबुर्गच्या किल्ल्यातून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने मोकळेपणाने कबूल केले की, ते वचन खुषीचे नव्हते, अकस्मात मृत्यूच्या धास्तीने ते आपल्याकडून घेववले होते. वडिलांचे शब्द आपल्या अंतःकरणात खोल रुतून बसले होते, हेही त्याने सांगितले. मात्र त्या चुकलेल्या वचनातूनही देवाने आपल्याला पुढे नेले, अशी त्याची धारणा होती.

तथापि, या अर्थाची खरी कसोटी १५२७ मध्ये लागली. त्या वर्षी विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ येना येथे हलविण्यात आले आणि ल्यूथरनेही निघून जावे अशी तिथल्या शासकाची इच्छा होती. पत्नी कॅथरिना गरोदर, मुलगा लहान, आणि त्याची स्वतःची प्रकृती त्याच वर्षी ढासळलेली; मनही निराशेने ग्रासलेले. तरीही तो गेला नाही. ज्या जुन्या मठात तो कुटुंबासह राहत होता, तेथेच आजारी माणसांची शुश्रूषा सुरू झाली. एकेकाळी ज्या भिंतींआड संन्यासी स्वतःच्या आत्म्याच्या तारणाची चिंता वाहत, त्याच भिंतींआड आता दुसऱ्याच्या अंथरुणाजवळ पाण्याचे भांडे ठेवले जात होते.

प्लेगमधून पळून जावे की नाही, या प्रश्नावर त्याने त्या काळात एक पुस्तिका लिहिली. तिच्यात शौर्याचा डांगोरा नाही. मरणाची भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि ज्याच्यावाचून कोणाचे अडत नाही त्याने दूर जाण्यात पाप नाही, असे ती सांगते. औषध घ्यावे, घर धुरी देऊन शुद्ध करावे, गरज नसता संसर्गाच्या जागी जाऊ नये. उगाच धाडस करणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे. पण ज्याच्या आधारावर दुसरा विसंबून आहे, तो धर्मोपदेशक असो, अधिकारी असो वा शेजारी असो, त्याने जागा सोडता कामा नये. कारण रोग्याच्या रूपाने ख्रिस्तच तेथे पडलेला असतो.

ल्यूथर निर्दोष नव्हता. १५४३ मध्ये यहुद्यांविरुद्ध त्याने लिहिलेले विखारी लिखाण त्याच्या नावावरचा डाग म्हणून राहिले आहे. शेजारी कोण, हे त्याला सर्वत्र ओळखता आले नाही. म्हणूनच १५०५ ते १५२७ या वाटचालीकडे संतचरित्र म्हणून न पाहता एका भित्र्या माणसाचे शिक्षण म्हणून पाहणे अधिक योग्य. विजेखाली त्याने मला वाचव अशी हाक मारली होती. बावीस वर्षांनी, भीती तेवढीच असताना, ज्याला वाचवायचे तो माणूस बदलला होता.

मार्ककृत शुभवर्तमानात गालील समुद्रावरच्या वादळाची हकीकत आहे. तारू बुडू लागते, शिष्य घाबरून येशूला जागे करतात आणि वारा शांत होतो. बहुतेक वाचक तेथेच थांबतात. परंतु मार्क थांबत नाही. तारू पलीकडच्या किनाऱ्याला लागताच थडग्यांमधून एक माणूस धावत येतो. तो स्वतःला दगडांनी ठेचून घेणारा, साखळदंडांनीही न आवरणारा, गावाने टाकून दिलेला असा आहे. वादळातून वाचलेल्यांची पहिली गाठ पडते ती त्याच्याशी.

वीज कडाडल्यावर तोंडून निघालेल्या नावाला कमी लेखण्याचे कारण नाही. भीतीने का होईना, माणूस त्या क्षणी आपल्याहून मोठ्या कोणाला तरी हाक मारतो. पण ती हाक खरी होती की नाही, हे विजेच्या उजेडात कळत नाही. पाऊस थांबल्यावर, चिखल तुडवीत घरी परतल्यावर, शेजारच्या अंधाऱ्या घरात कोणी कण्हत असेल तर तिकडे पाऊल वळते की नाही, त्यावरून ते कळते.