घरातील रंगीत बाहुल्यांची छायाचित्रे
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधुवरसूचक मंडळ अशा भारदस्त विषयांच्या रांगेत बाहुल्यांचा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे काहींना हसू येईल. हसण्यास आमची हरकत नाही. तथापि आपल्यापैकी किती घरांत, माळ्यावरच्या पेटीत, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, गवळणी, तोफेजवळचा गोलंदाज आणि सिंहासनावरचे महाराज अजून कागदात गुंडाळून ठेवलेले आहेत, याचा ज्याने त्याने मनाशी हिशेब करावा. जुनी घरे पाडून तेथे इमारती उभ्या राहात आहेत, आणि बिऱ्हाड हलविताना पहिल्याने टाकली जाते ती हीच पेटी. त्यातून या बाहुल्या पुष्कळदा कच्च्या मातीच्या आणि पाण्यात कालविलेल्या रंगाच्या. त्यांचे आयुष्य ते केवढे! बाजारात आता प्लॅस्टरच्या बाहुल्यांचाच भरणा आहे. यास्तव जुनी बाहुली हाती आहे तोवर तिचे नीट छायाचित्र घेऊन ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे.

‘नीट’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजला. मोबाईल आज घरोघरी आहे आणि छायाचित्रांना तोटा नाही; परंतु त्यांत पागोट्याचे पेच दिसत नाहीत, लाल रंग नारिंगी होतो आणि चेहऱ्यावर दिव्याचा पांढरा डाग तेवढा चमकतो. अशा चित्राचा उपयोग काय? बाहुली करणाऱ्या कारागिराने आपल्या भोवतालची माणसे पाहून पगडीचा घाट, लुगड्याचा काष्टा, नथीचा आकडा हे बोटभर आकारात उतरविले. मुंबईत भायखळ्यास १८७२ साली लोकांस खुले झालेले संग्रहालय आहे. आज त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. तेथील मातीच्या लहान रंगीत प्रतिमा पाहाव्यात, म्हणजे जुन्या मुंबईचा पेहराव आणि धंदे समजण्यास या खेळण्यासारख्या वस्तूंचा केवढा आधार आहे हे ध्यानी येईल. आपल्या पेटीतील ऐवजाची नोंद मात्र आपल्यालाच करावयाची आहे.

आता साधनांविषयी. खर्चाचे नाव काढण्याचे कारण नाही. उत्तम दिवा म्हणजे घराची उत्तरेकडील खिडकी. दिवाळीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेस कललेला असतो, तेव्हा त्या खिडकीतून ऊन न येता केवळ आभाळाचा शांत प्रकाश येतो. शिवाय तीन इंचांच्या मावळ्यापुढे चार फुटांची खिडकी म्हणजे प्रकाशाची भिंतच. त्यामुळे सावली आपोआप मऊ पडते. बाहुली खिडकीपासून हात-दीड हातावर, प्रकाश एका बाजूने पडेल अशी ठेवावी आणि दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा. त्यावरून परतलेला प्रकाश अंधाऱ्या गालावर पडतो. हा पुठ्ठा चार बोटे पुढे-मागे सरकवून पाहावा. चेहरा कसा उजळतो आणि मावळतो, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. मोबाईलचा फ्लॅश मात्र सर्वथा बंद ठेवावा, कारण तो समोरून आदळतो आणि नाकाडोळ्यांचा उठाव पुसून टाकतो.

रात्रीच काम करावयाचे असल्यास टेबलावरचा एलईडी दिवा चालेल; त्याच्यापुढे, थोडे अंतर राखून, ट्रेसिंग पेपर धरावा. पण खिडकी आणि दिवा यांची भेसळ करू नये. एकाचा उजेड निळसर, दुसऱ्याचा बहुधा पिवळसर. मग बाहुलीचे अर्धे धोतर एका रंगाचे आणि अर्धे दुसऱ्या रंगाचे होते.

पार्श्वभूमीच्या बाबतीत आपल्याकडील हौस आड येते. आजीची बाहुली म्हटली की तिच्याखाली जरीचा खण अंथरलाच पाहिजे, मागे झेंडूची माळ पाहिजेच! समारंभास हे शोभते. छायाचित्रात खणाचा धागा बाहुलीच्या मनगटाएवढा जाड दिसतो आणि लाल कापडाची झाक तिच्या पांढऱ्या वस्त्रावर चढते. चित्रकलेच्या फिक्या करड्या कागदाचा ताव घ्यावा. त्याची वरची कड भिंतीस चिकटवून खालचा भाग टेबलावर घडी न पाडता गोलाईने सोडावा. जमीन आणि भिंत यांची सांध्याची रेघ नाहीशी होते व बाहुली एकटी उभी राहते. कागद अगदी पांढरा असला तर मोबाईल त्या पांढरेपणास भिऊन सगळेच चित्र काळवंडून टाकतो. अशा वेळी पडद्यावर बाहुलीच्या चेहऱ्यास बोट लावून उजेडाची खूण थोडी वर सरकवावी.

मोबाईल बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. वरून पाहिले की महाराजसुद्धा बुटके दिसतात. फार जवळही जाऊ नये; तसे केल्यास नाक मोठे होते, आणि डोळे स्पष्ट तर हातातली ढाल अंधुक, अशी गत होते. हातभर मागे सरून चित्र मागाहून कापून घ्यावे. यंत्र पुस्तकांच्या चळतीवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावला की हाताचा कंप उरत नाही. आणि एकाच चित्रावर थांबू नये: काष्टा मागूनच दिसतो, पगडीचा घाट बाजूनेच कळतो. तळाचेही चित्र घ्यावे. कधी तेथे पेन्सिलीने काही लिहिलेले आढळते. एका चित्रात शेजारी फूटपट्टी ठेवावी.

बाहुलीस ओले फडके लावू नये. रंग फडक्यावर येईल. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडणे पुरे, आणि उचलताना हात बैठकीस घालावा, मानेस नव्हे. चित्रातील तडा पुसणे, रंग गडद करणे हे उद्योग आजकाल बोटाच्या टोकावर आले आहेत. ते आम्हांस मान्य नाहीत. तडा हाही त्या बाहुलीचा इतिहास आहे.

सावंतवाडीकडील ज्यांच्या घरी गंजिफा असतील त्यांनी निराळी रीत धरावी. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, दहा रंगांचे बारा-बारा, लाखेने चकाकणारे. ते आडवे ठेवून यंत्र बरोबर त्यांच्या डोक्यावर समांतर धरावे, प्रकाश बाजूने तिरपा घ्यावा, आणि चकाकी दिसल्यास यंत्राभोवती काळे कापड धरावे. डाव अपुरा आहे म्हणून संकोचू नये; आहेत तेवढ्या पत्त्यांची चित्रे घ्यावीत.

पुढील स्मरणिकेसाठी अशी चित्रे आल्यास चार पाने त्यांना द्यावीत, अशी कार्यकारिणीस आमची विनंती आहे. व्हॉट्सॲपवर साधे चित्र पाठविल्यास त्याचा बारीक तपशील जातो. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. सोबत बाहुली कोणाकडून आली, कोणत्या गावची, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून दोन ओळींत लिहावे. ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी, तर्काने भरू नये. काम झाल्यावर प्रत्येक बाहुली जुन्या सुती कापडात सैल गुंडाळून पेटीत ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, विशेषतः कोकणात, कारण पावसाळ्यात आतच दमट होऊन मातीचा रंग सुटू लागतो.