तार शेजारच्या गावापर्यंत आली आहे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी शाळा सातवीत सुटली. चारचौघींत उभे राहून बोलायची मला सवय नाही. हळदीकुंकवाला गाणे म्हण म्हटले असते तर सोपे गेले असते. पण सेक्रेटरीबाईंनी इंटरनेटचा विषय दिला. त्या बाबतीत माझ्या मनात एक सल आहे, तो आज सांगते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे अभ्यास फोनवर आला. आमच्या घरी फोन एकच, तोही यांचा. घरात रेंज नाही. वर सड्यावर आंब्याखाली उभे राहिले तर मिळे. मुलगा दहावीत, मुलगी आठवीत. मी फोन मुलाच्या हाती दिला आणि मुलीला म्हटले, "तुझे पुढच्या वर्षी बघू." ती काही बोलली नाही. वर्ष संपता संपता तिने गणिताचे पुस्तक माझ्यापुढे ठेवले व म्हणाली, "आई, यातले अर्धे मला कोणी शिकवलेच नाही." मला माझी सातवी आठवली. माझ्या वेळी शाळा लांब होती. तिच्या वेळी शाळा घरातल्या फोनात होती, आणि वाट मीच अडवली. ते गणित भरून काढायला तिला दोन वर्षे लागली.

ही चूक माझ्या एकटीची असती तर मी बोलले नसते. २०१९ ते २१ या काळात सरकारने घरोघरी पाहणी केली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर पुरुषांपैकी ५७ जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. बायकांपैकी फक्त ३३ जणींनी. म्हणजे सड्यावर पाठवायचा तो मुलगाच, हा हिशेब देशभरच्या घरांत चालू होता.

आता तारेचे सांगते. हे मला मुलीने वाचून समजावले. केसासारखी बारीक काचेची तार असते, तिच्यातून उजेड धावतो आणि त्याबरोबर निरोप, चित्रे, शाळेचे धडे येतात. डोंगर आड आला की मनोऱ्याची रेंज तुटते. तार डोंगराला वळसा घालून येते. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत अशी तार न्यायची, असे सरकारने २०११ मध्ये ठरवले. पुढे त्या योजनेला भारतनेट हे नाव मिळाले. पण पंचायतीच्या कचेरीत तार आली म्हणजे घरात आली असे नव्हे. नळ वेशीवर आला तरी हंडा डोक्यावरच असतो, तशातली गत.

आपले गाव गट ग्रामपंचायतीतले. कचेरी शेजारच्या गावात, म्हणून तारही तिथेच थांबली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये या योजनेला नव्याने मंजुरी मिळाली. त्यात पंचायतीचे ठाणे नसलेल्या गावांनाही तार द्यायची तरतूद आहे, मात्र गावाने मागणी केली तर. मैत्रिणींनो, "मागणी केली तर" एवढेच शब्द ध्यानात ठेवा. आपण मागितलेच नाही, तर कोण आणून देणार?

काही वडीलधाऱ्या म्हणतील, "पोरी बिघडतील." भीती खोटी नाही. फसवणारेही पुष्कळ आहेत. बँकेचा आकडा फोनवर कोणी विचारला तर सांगू नये, हे आपण सगळ्यांनीच शिकले पाहिजे. पण विहिरीत कोणी पडेल म्हणून आपण विहीर बुजवत नाही, कठडा बांधतो. केरळात मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी फोन वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, म्हणून तिला काढून टाकले. ती न्यायालयात गेली. २०१९ साली तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितले, की इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. एका मुलीने एवढे केले, आपण तर इतक्या जणी आहोत.

माझे मागणे दोनच गोष्टींचे. ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा असते. तिला आपण एरवी चारपाच जणी जातो. या खेपेस सर्वांनी चला आणि तारेच्या मागणीचा ठराव लिहून घेऊ. दुसरे, तार आली की पहिली जोडणी मंडळाच्या या खोलीत घ्यावी. संध्याकाळी दोन तास मुलींसाठी खोली उघडी ठेवायची. किल्ली सांभाळायला मी तयार आहे. कंदील घेऊन येईन, पण येईन.

सड्यावर आंब्याखाली उभे राहायची पाळी पुन्हा कोणत्या मुलीवर येऊ नये, आणि उभे राहायलाही न मिळण्याची तर मुळीच नको. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर पदरात घ्या.