न मिळालेले पारितोषिक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पारितोषिक-वितरणाच्या प्रसंगी केलेले भाषण)



पारितोषिके वाटण्याच्या प्रसंगी, ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांच्याविषयी बोलणे काहींना विपरीत वाटेल. परंतु ज्या घरी पारितोषिक जाते तेथील आनंदास माझ्या शब्दांची जरुरी नाही. ज्या घरी ते जात नाही, तेथे निराशेचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. त्यासाठी मी चित्रपटसृष्टीतील उदाहरण घेणार आहे; कारण चित्रपटांच्या पारितोषिकांवर आपल्या घरांतून जेवढा तावातावाने वाद होतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल.

कमाल अमरोही यांचा ‘पाकीझा’ हा चित्रपट फेब्रुवारी १९७२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या निर्मितीस एका तपाहून अधिक काळ लागला. ह्या दीर्घ काळात त्याचे संगीत-दिग्दर्शक गुलाम महंमद १९६८ च्या मार्चमध्ये निवर्तले. आपल्या चाली पडद्यावर पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. उरलेले पार्श्वसंगीताचे काम नौशाद यांनी पुरे केले. मूळचे बिकानेरकडचे हे गृहस्थ तबला व ढोलक ह्यांत निष्णात होते आणि अनेक वर्षे नौशाद यांचे सहायक होते. ज्या ‘मिर्झा गालिब’ चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले, त्याचे संगीतही त्यांचेच. तरीही त्यांचे नाव लोकांच्या तोंडी फारसे नव्हते. पुढे ‘पाकीझा’ची नायिका मीनाकुमारी हिनेही चित्रपट लागल्यापासून दोन महिन्यांच्या आतच, ३१ मार्च १९७२ रोजी, जगाचा निरोप घेतला.

१९७३ साली फिल्मफेअर पारितोषिकांचा निकाल लागला, तेव्हा रसिकांच्या मनास चटका बसला. ‘बेईमान’ ह्या चित्रपटास सात पारितोषिके मिळाली. उत्कृष्ट चित्रपट तोच ठरला आणि उत्कृष्ट संगीताचा मान त्याच चित्रपटासाठी शंकर-जयकिशन यांना गेला. उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक ‘सीता और गीता’साठी हेमामालिनी यांना लाभले. ‘पाकीझा’च्या वाट्यास एकच पारितोषिक आले, ते कलादिग्दर्शनाचे, त्याचे मानकरी होते एन. बी. कुलकर्णी. एका मराठी कलावंताचा गौरव झाला ह्याचे समाधान खरे. परंतु त्या महालांतून, त्या झुंबरांखाली ज्यांचे सूर घुमले, त्यांचा विसर पडावा, हे शल्य त्याने भरून निघणारे नव्हते.

येथे न्यायाने बोलावयास हवे. शंकर-जयकिशन हे थोर संगीतकार होते, ह्याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. त्या जोडीतील जयकिशन हेही सप्टेंबर १९७१ मध्ये निवर्तले होते. म्हणजे दोन्हीकडे एकेक आसन रिकामे होते. प्रश्न व्यक्तींच्या थोरवीचा नव्हता. त्या एका वर्षीच्या कामाचा होता. आज पन्नासाहून अधिक वर्षे लोटली. ‘पाकीझा’तील लताबाईंची गाणी अजूनही घरोघर ऐकली जातात. ‘बेईमान’मधील किती गाणी आपणांस आठवतात, हे ज्याने त्याने स्वतःशी पडताळून पाहावे.

तथापि मला जे सांगावयाचे आहे ते ह्याच्या पुढेच आहे. ‘बेईमान’मधील भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे पारितोषिक प्राण यांना जाहीर झाले होते. ते त्यांनी नाकारले. संगीताचा मान ‘पाकीझा’साठी गुलाम महंमद यांना मिळावयास हवा होता, असे त्यांनी कारण दिले. वास्तविक स्वतः प्राण यांच्यावर कोणताही अन्याय झालेला नव्हता. ज्या चित्रपटाचा जयजयकार चालला होता, तो त्यांचाच होता. आणि ज्यांच्यासाठी त्यांनी हे केले, ते आभाराचा एक शब्दही उच्चारण्यास हयात नव्हते. निकाल बदलला नाही; परंतु १९७३ च्या त्या निकालाची गोष्ट निघाली की गुलाम महंमद यांचे नाव निघतेच. हेही एक पारितोषिकच होय.

ह्यापूर्वीचे एक उदाहरण लताबाईंचे. १९५७ साली ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि त्या समारंभात त्यातील गाणे लताबाईंनी गावे, अशी त्यांना विनंती झाली. त्यांनी नकार दिला. पारितोषिक संगीतकारास आहे, गायिकेस नाही. मग गायिकेने तेथे का गावे, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. १९५९ पासून पार्श्वगायनासाठी पारितोषिक सुरू झाले आणि पहिले ‘मधुमती’तील गाण्यासाठी लताबाईंनाच मिळाले. पुढे नव्या गायिकांना वाव मिळावा म्हणून त्यांनी त्या स्पर्धेतून आपले नाव आपण होऊन काढून घेतले. जो हक्क झगडून मिळवला, तो इतरांसाठी मोकळा केला!

बंधुभगिनींनो, निराशा दोन्हीकडे होती. पण ती ओसरीवरच्या कुरकुरीत विरली नाही. प्राण यांनी स्वतःच्या पदरचे काही सोडले, आणि लताबाईंनी नियमातील उणिवेवर बोट ठेवले. ज्या तक्रारीत ह्यांपैकी एकही गोष्ट नाही, ती बहुधा मत्सराचीच बहीण असते.

आपल्या मंडळातही दरवर्षी निकालानंतर काही कुटुंबे दुरावतात, पुढील वर्षी संमेलनास येत नाहीत. त्यांस नावे ठेवणे सोपे आहे. त्यापेक्षा मी कार्यकारिणीस तीन विनंत्या करतो. निवडीची कसोटी आधी छापून सर्वांस कळवावी. आपल्या घरचे मूल स्पर्धेत असेल, तर परीक्षकाने त्या वर्षी बाजूस बसावे. आणि ज्यांनी मंडळाचे हिशेब लिहिले, पंक्ती वाढल्या, वसतिगृहासाठी दारोदार वर्गणी मागितली, अशा हयात व दिवंगत मंडळींसाठी एक मान राखून ठेवावा. कारण पडद्यामागचा माणूस विसरला जाणे हा केवळ चित्रपटसृष्टीचाच दोष नव्हे.

आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. आज ज्यांना पारितोषिक मिळाले, त्यांनी ते घेताना आपल्याहून योग्य असा कोणी मागे राहिला काय, हे एकदा मनाशी पाहावे. आणि राहिला असेल तर ते मोकळेपणे बोलून दाखवावे. ज्यांना मिळाले नाही, त्यांनी काम चालू ठेवावे. परीक्षकांचा निकाल एका सायंकाळचा असतो. कामाचा निकाल लागण्यास वेळ लागतो, पण तो लागतो.