हंटरवाली आणि तिचे टीकाकार

‘हंटरवाली’ हा बोलपट ज्या घरात कोणीही पाहिलेला नाही, त्या घरातही हा शब्द मात्र चांगला परिचयाचा असतो. शाळेतील कडक बाई, घरातील करारी आत्याबाई, नवऱ्याला धाकात ठेवणारी शेजारीण यांच्या पाठीमागे तो हळूच उच्चारला जातो. मूळ चित्र 1935 सालचे. त्याचे कथानक सांगू शकेल असा मनुष्य आता विरळाच. परंतु नाव टिकले, आणि टिकले ते थट्टेच्या रूपाने. अलीकडे मात्र या चित्राला व त्याच्या पाठोपाठ आलेल्या साहसपटांना नवे चाहते लाभले आहेत आणि त्यांच्यात एक वाद वारंवार निघतो. पहिल्या टीकाकारांनी या चित्रांवर अन्याय केला, की त्यांची योग्य तीच किंमत केली?

हा वाद मुंबईच्या दिवाणखान्यात न ऐकता धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्यास ऐकावा. तेथील येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेस भरते. 1935 साली हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि जवळची बार्शी इंग्रजी अंमलाखाली होती. सिनेमागृहे शहरात, खेड्यापाड्यांतील माणसांना पडदा दिसे तो बहुधा यात्रेजत्रेत तंबू ठोकणाऱ्या फिरत्या सिनेमावाल्यांच्या कृपेने. यात्रेच्या रात्री येथील एका ओसरीवर निवृत्त शिक्षक असलेले मामा, पुण्याहून आलेला त्यांचा भाचा आणि पान लावीत बसलेल्या मामी अशी तीन माणसे कल्पनेने बसवावी, म्हणजे वादाच्या सर्व बाजू आपोआप पुढे येतात.

भाचा चाहत्यांचा वकील. त्याचे म्हणणे असे की, वाडिया मूव्हीटोनने हे चित्र तयार केले तेव्हा ते घेण्यास वितरक धजत नव्हते. बुरखा घालून, हाती चाबूक घेऊन पुरुषांना लोळविणारी गोरी बाई पाहण्यास कोण येणार, अशी त्यांस शंका होती, असे वाडिया कुटुंबीयांनीच पुढे सांगितले आहे. अखेरीस चित्र मुंबईस लागले आणि सुमारे 25 आठवडे चालले. नायिका नादिया, म्हणजे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे 1908 साली जन्मलेली मेरी इव्हान्स. बालपणीच ती हिंदुस्थानात आली होती. सर्कशीत व रंगभूमीवर तिने कामे केली होती. धोक्याच्या उड्या ती स्वतः मारी. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (1936) धावत्या आगगाडीच्या टपावर ती झुंजली. 1943 साली ‘हंटरवाली की बेटी’ आले आणि 1968 सालच्या ‘खिलाडी’पर्यंत ती पडद्यावर दिसत राहिली. ‘ज्या परंपरेला लोकांनी तेहतीस वर्षे उचलून धरले, तिला मासिकवाल्यांनी स्टंटपट म्हणून नाक मुरडले. मामा, चूक कोणाची?’

मामा शांतपणे उत्तर देतात. गर्दी हा गुणवत्तेचा पुरावा मानला, तर यात्रेतील पाळण्यालाही कलाकृती म्हणावे लागेल. दुष्ट प्रधान राजाला कैद करतो, राजकन्या मुखवटा चढवून गरिबांचा कैवार घेते, हा सांगाडा डग्लस फेअरबँक्सच्या झोरोवरून परिचयाचा झालेला होता. पुढील चित्रांत शिक्षित घोडा, हुशार कुत्रा आणि नाव दिलेली मोटार ही मंडळी पुनःपुन्हा येत राहिली. ज्याला महिन्याकाठी अनेक चित्रे पाहून लिहावे लागते, तो कंटाळला तर त्यास पक्षपाती कसे म्हणावे? शिवाय त्याच काळात पुण्याची प्रभात ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ देत होती. टीकाकाराच्या हाती माप होते ते या चित्रांनी घडविलेले.

‘कुंकू’चे नाव निघताच भाच्याला जोर चढतो. 1937 सालच्या त्या चित्रात शांता आपटे यांनी रंगविलेली नीरा, वृद्ध नवऱ्याशी फसवून लावलेले लग्न मान्य करीत नाही, आणि अंगलट येणाऱ्या सावत्र मुलास छडीने फोडून काढते. सुशिक्षित घरांनी ती छडी समाजसुधारणेची म्हणून वाखाणली. नादियाचा चाबूकही अन्यायावरच उगारलेला होता. मग एकीस पुरोगामी नायिका म्हणावे आणि दुसरीस निव्वळ कसरतपटू, हा भेद हत्यारातला, की पिटातल्या प्रेक्षकांच्या अंगावरच्या कपड्यांतला?

प्रश्न बिनतोड वाटतो, परंतु तो पूर्ण नाही. नीरेला घर आहे, त्या घरात तिला उद्या सकाळी पुन्हा उठावयाचे आहे. तिच्या एका फटक्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक प्रवेशावर होतो. हंटरवालीला घराचे असे ओझे नाही. घोड्यावर बसली की ती मोकळी. ‘कुंकू’ प्रेक्षकाला अस्वस्थ करून परत पाठवते, ‘हंटरवाली’ त्यास हलका करून. दोन्ही कामे माणसाच्या उपयोगाची आहेत, परंतु ती एक नव्हेत. टीकाकारांची चूक असलीच तर ती एवढीच की, दुसऱ्या कामाचे माप त्यांनी तयारच केले नाही.

आणि या चुकीत ते एकटे नव्हते. निर्माते जे. बी. एच. वाडिया हे पदवीधर, मुंबईच्या जहाजबांधणीत नाव कमावलेल्या घराण्यातले, राजकीय विचारात रस घेणारे गृहस्थ. साहसपट त्यांनी आवडीने काढले, तथापि उच्च अभिरुचीच्या चित्रांची ओढ त्यांनाही होती. 1941 साली त्यांनी साधना बोस यांना घेऊन ‘राजनर्तकी’ हे नृत्यप्रधान चित्र काढले आणि त्याची इंग्रजी आवृत्तीही केली. धाकटे बंधू होमी वाडिया यांचा ओढा साहसपटांकडेच राहिला. 1942 साली त्यांनी ‘बसंत पिक्चर्स’ ही निराळी संस्था उभारली. त्याच वर्षी परळच्या वाडिया मूव्हीटोनच्या जागेत व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर सुरू झाले. ज्या आवारात हंटर कडाडला, तेथे ‘कुंकू’चा दिग्दर्शक येऊन बसला. म्हणजे टीकाकारांची मोजपट्टी निर्मात्याच्या घरातही होती, आणि दोघा भावांच्या वाटा वेगळ्या होण्यात तिचा भाग होता.

येथवर मामी गप्प असतात. त्या विचारतात ते निराळेच. ‘मासिकवाले लिहीत, तुम्ही दोघे वाचता. पण तंबूत बायकांच्या बाजूला बसणाऱ्यांनी काय म्हटले, ते कोणी लिहून ठेवले आहे का?’

या प्रश्नाला ओसरीवर उत्तर नाही, कारण उत्तर कोठेच जपलेले नाही. टीकाकाराचे मत छापले गेले म्हणून ते उरले. प्रेक्षकाची शिट्टी, टाळी, घरी जाताना बैलगाडीत झालेले बोलणे हवेत विरले. उरले ते आठवड्यांचे आकडे. आकडे किती माणसे आली एवढेच सांगतात. ती कशासाठी आली ते सांगत नाहीत. कोणी घोड्यासाठी आला असेल, कोणी मारामारीसाठी, कोणी गोऱ्या बाईसाठी. आणि एखादी स्त्री, बाईच्या हातचा फटका पुरुषाला बसताना एकदा डोळ्यांनी पाहावा म्हणूनही आली असेल. आजचा चाहता या सर्वांच्या वतीने बोलू लागतो, तेव्हा तोही जुन्या टीकाकाराप्रमाणेच त्यांना न विचारता बोलत असतो. स्त्रीमुक्ती, राष्ट्रभावना हे अर्थ त्या चित्रांत नाहीत असे नव्हे. ‘डायमंड क्वीन’मध्ये (1940) मुंबईस शिकून आलेली नायिका स्त्रियांच्या बाजूने उघड बोलते. परंतु पिटातल्या प्रेक्षकाने तेच ऐकण्यासाठी आणे मोजले, हे कोणी सिद्ध केलेले नाही.

मग निवाडा कसा करावा? ‘मिस फ्रंटियर मेल’ आणि ‘डायमंड क्वीन’ आजही पाहावयास मिळतात. प्रथम ती पाहावी. टीकाकाराचा तिरस्कार आणि चाहत्याचे कौतुक, दोन्ही थोडा वेळ ओसरीबाहेर ठेवावी. आगगाडीच्या टपावर तोल सांभाळणारी ती बाई खरोखरीच तेथे उभी आहे, हे ध्यानात आल्यावर कथानकाचा सांगाडा किती जुना, हा प्रश्न काही क्षण मागे पडतो. आणि गाडी थांबल्यावर तो पुन्हा पुढे येतो. दोन्ही क्षण खरे आहेत.

मामा चित्र पाहण्यास कबूल होतात. मामी पानाचे तबक पुढे सरकवतात आणि सांगतात की, आपल्या लहानपणी झाडावर चढणाऱ्या मुलीला ‘हंटरवाली’ म्हणून खाली उतरवीत असत. त्यांनाही उतरविले होते. त्यांनी चित्र तेव्हा पाहिले नव्हते. नुसत्या शब्दावरून त्या उतरल्या होत्या.