मनाची मोजणी



मानसशास्त्राचा अभ्यासक म्हटला की लोकांना वाटते, हा आता आपल्या मनातले ओळखणार. मनकवडेपणा हा त्याचा धंदा नव्हे. विचारणे, नोंदणे आणि ताडून पाहणे, एवढेच त्याच्या हाती असते. त्यातले ताडून पाहणे किती अवघड आहे, ते आपल्याच जिल्ह्यातील एका कामावरून सांगतो.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार करावे, त्यांनी खिन्नतेने ग्रासलेल्यांना धीर द्यावा, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचवावे, अशी योजना होती. आरंभी लोकांची पाहणी झाली, १८ महिन्यांनी पुन्हा झाली आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. खिन्नतेचा विकार पहिल्या पाहणीत शेकडा १४.६ जणांत आढळला होता, दुसरीत ११.३ जणांत. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ वर आले.

टाळ्या वाजवाव्यात असे हे आकडे आहेत. पण मधल्या काळात पाऊस बरा झाला असेल, कापसाला भाव मिळाला असेल, तर? श्रेय कार्यकर्त्यांचे की आभाळाचे? उपक्रम नसलेली तशीच गावे जोडीला मोजली असती, तर उत्तर सापडले असते. ती मोजलेली नव्हती. म्हणून ही घट उपक्रमामुळेच झाली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

हंगामाचा हा पेच तमिळनाडूत एका अभ्यासाने मोठ्या युक्तीने सोडविला. ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धिकौशल्ये तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर तपासली. माणूस तोच, त्यामुळे हुशार-मंद हा वाद उरला नाही. शिवाय कारखान्यांच्या वेळापत्रकामुळे तोडणी सगळ्यांची एकाच महिन्यात नसते. म्हणून ऋतूचा परिणाम निराळा काढता आला. हातात पैसा नसताना तीच माणसे कमी पडली. हा निष्कर्ष २०१३ सालचा. पुढे अमेरिकेत पगाराच्या आधी व नंतर असेच तपासले, तेव्हा असा फरक दिसला नाही. शास्त्रात असे चालायचेच.

पण काळजीने डोके चालेनासे होते, हे आपण अनुभवाने जाणतो. याचे मूळ फार जुने आहे. मेळघाटात वाघ समोर आला, तर विचार करीत बसणारा वाचत नाही. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे. तो धोका ओळखतो, काळीज धडधडू लागते, रक्त हातापायांकडे धावते. ज्यांच्यात ही यंत्रणा चपळ होती ते जगले, आणि आपण त्यांचे वंशज. वाघ दहा मिनिटांत निघून जातो. सावकाराचे देणे मात्र रात्रीही उशाशी बसलेले असते. अमरावती-अकोल्याच्या कापूसवाल्याला पेरणीपासून वेचणीपर्यंत तीच जुनी यंत्रणा महिनोन् महिने जागी ठेवावी लागते. झोप उडते, अन्न गोड लागत नाही. अशा वेळी 'मन घट्ट कर' म्हणणे हे ताप चढलेल्याला 'थंड हो' म्हणण्यासारखे आहे.

'विश्राम'मधला एक आकडा मी मुद्दाम मागे ठेवला होता. खिन्नतेचा विकार असलेल्यांपैकी मदत घेतलेले प्रथम शेकडा ४.३ होते, नंतर २७.२ झाले. हे पावसाने होत नाही. पाऊस पडला म्हणून कोणी समुपदेशकाकडे जात नाही. म्हणून या वाढीवर मी अधिक भरवसा ठेवतो. अर्थात इतके करूनही शंभरातले जवळजवळ ७३ जण कुणाकडेच गेले नव्हते. दाराशी माणूस येत असताना ते का गेले नाहीत, लाजेने, की हा आजार आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते म्हणून, हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी त्यांच्या ओसरीवर बसून विचारावे लागेल.