ऐकणाऱ्यांचा वाटा



तळेगाव (श्यामजी पंत) हे नाव बाहेरच्या बहुतेकांना नागपूर-अमरावती महामार्गावरचा एक थांबा म्हणून ठाऊक असते. इथे उतरायचे आणि आर्वीकडे नाहीतर आष्टीकडे वळायचे. अशा गावात लहान उपग्रहांचे संकेत ऐकण्यावर संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. विद्यार्थ्यांनी बनवलेला उपग्रह कक्षेत पोहोचला की टाळ्या वाजतात, पेढे वाटले जातात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. तोवर निम्मे काम झालेले असते. उरलेले निम्मे जमिनीवर बसून ऐकणाऱ्यांचे असते. त्या कामात तळेगावचा वाटा पुण्या-मुंबईपेक्षा कमी असण्याचे कारण नाही, आणि काही बाबतींत तो अधिक आहे.

पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ घ्या. पदवीच्या विद्यार्थ्यांनी तो बनवला. दोनशेहून अधिक मुलामुलींचे हात त्याला लागले आणि काम सुमारे आठ वर्षे चालले. वरची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडायची, खालची तुकडी तिच्या वह्या हाती घेऊन पुढे जायची. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने श्रीहरिकोट्याहून एकूण २० उपग्रह नेले, त्यांत एक किलोपेक्षाही हलका, दहा सेंटिमीटर बाजूचा हा ठोकळा होता. हौशी रेडिओचालकांना, म्हणजे ‘हॅम’ मंडळींना, त्याच्यामार्फत एकमेकांना संदेश पाठवता यावेत, हा त्याचा हेतू.

त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याला दिशा धरून ठेवण्यासाठी वीज लागत नाही. आत कायमचुंबक बसवले आहेत. पृथ्वीच्या चुंबकीय रेषांशी ते जुळून राहतात. त्यामुळे ध्रुवाजवळून जाणाऱ्या कक्षेत एका प्रदक्षिणेत उपग्रह स्वतःभोवती दोन वेळा वळतो. सुटल्यावर आलेली अनियमित गरगर थांबवायला खास लोहमिश्रणाच्या कांड्या असतात, त्या हळूहळू ती ऊर्जा शोषून घेतात. आता हे वर खरोखर घडते आहे की नाही, हे खाली कसे कळावे? संकेत ऐकून. उपग्रह गरगरत असेल तर त्याचा अँटेना कधी आपल्याकडे येतो, कधी पाठ फिरवतो, आणि आवाज झपाझप चढतो-उतरतो. आठवडे जातात तसे हे चढउतार संथ होत गेले, तर कांड्या काम करत आहेत असे समजावे. कानाला हेडफोन लावून वहीत चढउताराच्या वेळा टिपणारी नववीतली मुलगी हे सांगू शकते.

इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. पुण्याला स्वतःचे भूकेंद्र असताना आपण कशाला? सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह दिवसाला पंधराएक प्रदक्षिणा करतो. त्यांतल्या चारेकच आपल्या क्षितिजावर येतात आणि प्रत्येक वेळी, म्हणजे प्रत्येक ‘पास’मध्ये, फार तर अकरा-बारा मिनिटे. पुणे आपल्यापासून सरळ रेषेत पाचशेएक किलोमीटर. म्हणजे पुण्यावरून दिसणारा पास जवळजवळ त्याच वेळी इथूनही दिसतो. मग नवीन काय मिळाले?

तीन गोष्टी मिळतात. पहिली शांतता. रेडिओलाही गोंगाट असतो. स्वस्त चार्जर, एलईडी दिवे, लिफ्टच्या मोटारी या सगळ्यांची खरखर शहरात सतत चालू असते, आणि उपग्रहाचा संकेत इतका क्षीण की तिच्यात बुडून जातो. आपल्याकडेही सौरपंपांचे इन्व्हर्टर आहेत, पण गावाबाहेर संत्र्याच्या दोन बागा ओलांडल्या की रिसीव्हरची सुई खाली येते. शिवाय इमारती नसल्यामुळे क्षितिज मोकळे. पासचा बराचसा वेळ उपग्रह क्षितिजालगतच असतो, आणि शहरातल्या गच्चीवरून नेमका तोच भाग निसटतो.

दुसरी गोष्ट डॉप्लरची. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा आणि लांब जाणाऱ्या गाडीचा उतरता ऐकू येतो, हे महामार्गालगतच्या मुलांना शिकवावे लागत नाही. ४३७ मेगाहर्ट्झवरच्या संकेतात असाच फरक उगवताना सुमारे दहा किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तेवढाच खाली असतो. तो सर्वांत वेगाने ज्या क्षणी बदलतो, त्या क्षणी उपग्रह आपल्याला सर्वांत जवळ असतो, आणि तो बदल किती तीव्र आहे त्यावरून अंतर काढता येते. १९५७ मध्ये स्पुटनिक गेला, तेव्हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या गायर आणि वायफेनबाख या दोन तरुणांनी एवढ्यावरून त्याची कक्षा मांडली. मग तोच हिशेब उलटा करून जहाजांना त्यांची जागा दाखवणारी ‘ट्रान्झिट’ प्रणाली उभी राहिली. एका रॉकेटमधून वीस उपग्रह एकदम सुटले की सुरुवातीला यादीतला कोणता ठिपका आपला, हेच कळत नाही. तेव्हा दोन-तीन ठिकाणच्या डॉप्लर नोंदी जुळवल्या की उपग्रह ओळखता येतो.

तिसरी गोष्ट आपल्या जागेची, आणि तिच्याबद्दल मी थोडे अधिक बोलणार आहे. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलोचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. त्या रॉकेटने पहिल्यांदाच दोन वेगळ्या कक्षांत उपग्रह सोडले, म्हणून ‘प्रथम’च्या चमूला उड्डाणानंतर दोन तासांहून अधिक वाट पाहावी लागली. या उपग्रहाचे काम होते आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजणे. तो १४५ आणि ४३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांतल्या दोन कंप्रतांवर एका प्रतलात कंप पावणाऱ्या लहरी पाठवी. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे आणि पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ते प्रतल फिरते, आणि कमी कंप्रतेचे अधिक फिरते. जमिनीवर आडवा-उभा असे दोन अँटेना लावून हा फरक मोजला की वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते निघते. म्हणजे उपकरणाचा अर्धा भाग उपग्रहात आणि अर्धा ऐकणाऱ्याच्या अंगणात. म्हणूनच त्या चमूने देशातल्या इतर महाविद्यालयांना भूकेंद्रे उभारायला मदत करणे हा प्रकल्पाचाच भाग मानला.

यात आपल्या जागेचा संबंध असा. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वर ढकलले गेलेले इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना घसरतात आणि उत्तर-दक्षिणेला दोन दाट पट्टे तयार होतात. उत्तरेकडचा पट्टा मध्य भारतावरून जातो. ऋतू आणि सूर्याच्या चक्राप्रमाणे तो पुढे-मागे सरकतो, आणि विदर्भ त्याच्या येण्याजाण्याच्या टापूत आहे. आपल्या डोक्यावरची ही हालचाल मोजायची तर रिसीव्हर इथेच हवा. मुंबईत बसून ते होत नाही.

हौशी माणसांच्या नोंदींना विज्ञानात किंमत असते का, असे कोणी विचारले तर मी दोन उदाहरणे देईन. १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी बनवलेला ‘ऑस्कर-१’ कक्षेत गेला. तो मोर्समध्ये फक्त ‘हाय’ एवढेच म्हणत राही, आणि म्हणण्याचा वेग आतल्या तापमानाप्रमाणे बदले. २८ देशांतल्या ५७० हून अधिक लोकांनी घड्याळ लावून तो वेग कळवला, आणि उपग्रह किती तापतो ते समजले. दुसरे उदाहरण इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलचे. जेफ्री पेरी हे तिथले भौतिकशास्त्राचे शिक्षक मुलांकडून सोव्हिएत उपग्रहांच्या वेळा टिपून घेत. १९६६ मध्ये कॉसमॉस-११२ ची कक्षा नेहमीपेक्षा वेगळी भरली. त्या वर्षीच्या नोंदी जुळवत ही शाळा प्लेसेत्स्क या गुप्त उड्डाणतळापर्यंत पोहोचली. सोव्हिएत संघाने तो तळ अधिकृतपणे मान्य केला १९८३ मध्ये. आपल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेला जमणार नाही असे त्यात काय होते? घड्याळ, वही, जुना रिसीव्हर, आणि वर्षानुवर्षे न कंटाळणारा एक शिक्षक.

आपल्या देशाने या छंदाची कदरही केली आहे. इस्रोने ५ मे २००५ रोजी खास हौशी रेडिओसाठी ४२.५ किलोचा ‘हॅमसॅट’ सोडला. त्यात आलेला संकेत परत पाठवणारा एक ट्रान्सपाँडर भारतीय होता आणि दुसरा नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थ्याने केलेला. २०१४ च्या जुलैपर्यंत तो जगभरच्या हॅमना उपयोगी पडला.

आता आपण काय करायचे? मला मोठ्या केंद्राची घाई नाही. मेजर टेपचे तुकडे, पीव्हीसीची नळी आणि संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर, म्हणजे एसडीआर डोंगल, एवढ्यावर सुरुवात होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा आवाज साध्या हातातल्या सेटवरही येतो, पहिले धडे त्यावर घ्यावेत. महत्त्वाची आहे ती नोंदवही. तारीख, वेळ सेकंदासह, कंप्रता, अँटेनाची दिशा, आवाजाचा चढउतार. आणि ज्या पासमध्ये काहीच ऐकू आले नाही, तोही लिहायचा. मूक झालेल्या उपग्रहाच्या चमूला ‘तळेगावात अमुक वेळी, अमुक कंप्रतेवर संकेत नव्हता’ ही ओळ फार मोलाची असते, कारण बिघाड शोधायला तिच्यापासूनच सुरुवात होते. विज्ञान प्रदर्शनात मात्र अशा वहीला बक्षीस मिळत नाही, चकाकणाऱ्या मॉडेलला मिळते. परीक्षक म्हणून बसणाऱ्या इथल्या सर्व शिक्षकांना माझी विनंती आहे की यंदा हे बदला.

ऐकण्यावर थांबायचे नसेल, संदेश पाठवायचेही असतील, तर केंद्र सरकारची हौशी रेडिओ परीक्षा देऊन परवाना आणि व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारे कॉलसाइन घ्यावे लागते. तोवर परवानाधारक हॅमच्या देखरेखीखालीच सेटला हात लावावा. या परीक्षेची माहितीपत्रके दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. मुलांनी ती न्यावीतच, पण आधी त्यांच्या शिक्षकांनी न्यावीत. जेवणानंतर अँटेना बांधायचे सत्र शाळेच्या मैदानावर आहे.